नृत्य आणि नृत्यशिक्षणासाठी सरकारी पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नृत्य शिकणारी मुले, त्यांचे पालक, क्लास चालवणारे गुरू, संस्थांचे पदाधिकारी आणि लोककलावंत यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. रकमा आणि अटी त्या त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिल्या आहेत. त्या अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीच्या जाहिरातीतला आकडाच अंतिम धरावा.

नृत्यासाठी सरकारी पैसा नेमका कोण देते?

एकच खिडकी नाही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. केंद्राचा पैसा संस्कृती मंत्रालयाचा असतो, पण तो वेगवेगळ्या हातांनी येतो. मुलांच्या आणि तरुणांच्या शिष्यवृत्त्या, तसेच संशोधनाच्या फेलोशिप्स सीसीआरटी, म्हणजे सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, पाहते. ही संस्था १९७९ साली स्थापन झाली आणि तिचे कार्यालय दिल्लीत द्वारका इथे आहे. संगीत नाटक अकादमी (उद्घाटन २८ जानेवारी १९५३) पुरस्कार, महोत्सव आणि संस्थांना अर्थसाहाय्य अशी कामे करते. लोककला आणि आदिवासी नृत्यांसाठी सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रे आहेत. महाराष्ट्र त्यांपैकी नागपूरच्या दक्षिण मध्य आणि उदयपूरच्या पश्चिम अशा दोन्ही केंद्रांत येतो, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. संस्थांच्या निर्मितीसाठीची आणि गुरू-शिष्य परंपरेची मोठी अनुदाने मंत्रालय स्वतः देते.

राज्याचा पैसा सांस्कृतिक कार्य संचालनालयातून येतो. विद्यापीठात नृत्य शिकणाऱ्यांसाठी समाजकल्याण, आदिवासी विकास यांसारख्या खात्यांच्या शिष्यवृत्त्या आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आहे. महापालिकेचे नाट्यगृह सवलतीच्या भाड्यात मिळते तेव्हा तोही सार्वजनिक पैसाच असतो, फक्त तो रोख हातात येत नाही. मुंबईत प्रभादेवीची पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी आणि तिथले रवींद्र नाट्य मंदिर थेट राज्य सरकारचे आहे.

अर्ज करताना आधी स्वतःला विचारा: हा पैसा मी शिकण्यासाठी मागतोय, शिकवण्यासाठी, सादर करण्यासाठी की अभ्यासासाठी? या चारही कामांची दारे वेगळी आहेत. क्लास चालवायला पैसे हवेत म्हणून फेलोशिपचा अर्ज केला तर तो पहिल्याच चाळणीत बाद होतो.

मुलगी नऊ वर्षांची आहे, तीन वर्षे कथक शिकतेय. तिला काही मिळेल का?

अजून एक वर्ष थांबावे लागेल. सीसीआरटीची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षे वयाच्या, मान्यताप्राप्त शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी आहे. देशभरात एकूण ६५० शिष्यवृत्त्या असतात. त्यांतल्या १२५ परंपरेने कला जोपासणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी, १०० आदिवासी समाजातील मुलांसाठी आणि ३० दिव्यांग मुलांसाठी राखीव आहेत. संगीत, नाट्य, चित्रकला हे सगळे याच ६५० मध्ये येते. त्यामुळे नृत्याच्या वाट्याला येणाऱ्या जागा मोजक्या असतात.

वर्षाला ३,६०० रुपये मिळतात आणि गुरूंना दिलेल्या फीची भरपाई वर्षाला जास्तीत जास्त ९,००० रुपयांपर्यंत होते. दोन्ही मिळून वर्षाचे १२,६०० म्हणजे महिना १,०५० रुपये. शहरातल्या क्लासची फी, घुंगरू, पोशाख आणि परीक्षा शुल्क धरले तर एवढ्यात भागत नाही. तरीही ती घेण्यासारखी आहे, कारण ती टिकते. आधी दोन वर्षांसाठी मिळते, मग प्रगती पाहून दोन-दोन वर्षांनी वाढते. पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत किंवा वयाच्या २० व्या वर्षापर्यंत ती चालू राहू शकते. दहाव्या वर्षी निवड झाली तर पुढची दहा वर्षे हातात असतात.

फीची भरपाई पावत्यांवर होते. गुरूंकडून दर महिन्याला तारीख, मुलीचे पूर्ण नाव, कोणत्या महिन्याची फी आणि सही असलेली पावती घ्या. वर्षअखेर एकाच शाईने एकाच दिवशी लिहिलेल्या बारा पावत्या जोडू नका. पाहणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते आणि मग खऱ्या फीवरही शंका घेतली जाते.

निवड चाचणीत मुले कुठे अडतात?

वेळ थोडा असतो. तज्ज्ञ पूर्ण नाच पाहत बसत नाहीत, मध्येच थांबवून विचारतात. कथकच्या मुलाला हातावर टाळी-खाली देऊन तोड्याची पढंत (बोल तोंडाने म्हणणे) करायला सांगतात, तत्कार (मूळ पायकाम) ठाय, दुगुन आणि चौगुन, म्हणजे संथ, दुप्पट आणि चौपट लयीत, करायला लावतात, तालाच्या मात्रा आणि विभाग विचारतात. भरतनाट्यममध्ये अडवू (मूळ पदन्यास) वेगवेगळ्या काळांत, म्हणजे लयींत, मागतात आणि हस्तमुद्रांची नावे विचारतात.

अडते ते मूल, ज्याने सहा महिने स्नेहसंमेलनासाठी एकच नाच रेकॉर्ड लावून बसवला आहे. त्याला मधूनच सुरू करता येत नाही, लय बदलली की सम (तालाची पहिली मात्रा) चुकते आणि बोल तोंडाने म्हणता येत नाहीत. पेहराव झगमगीत असून उपयोग होत नाही. साधा सलवार-कुर्ता किंवा सरावाची साडी, नीट बांधलेले घुंगरू आणि स्वच्छ पायकाम पुरेसे असते. तयारीसाठी घरी रोज दहा मिनिटे फक्त पढंत ठेवा आणि आठवड्यातून एकदा अनोळखी लयीत, शक्यतो जिवंत तबल्यावर, नाचायला लावा.

मुलगा १५ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी काय?

इथे एक खड्डा आहे. मुलांच्या शिष्यवृत्तीत प्रवेश १४ व्या वर्षी बंद होतो आणि तरुणांची शिष्यवृत्ती १८ व्या वर्षी सुरू होते. नृत्य सोडून देण्याचे प्रमाण ज्या वयात सर्वांत जास्त दिसते, दहावी-बारावीच्या त्या वर्षांत, केंद्राच्या नियमित शिष्यवृत्तीत नवीन प्रवेशच नाही. आमच्या मते संपूर्ण रचनेतली ही सर्वांत मोठी चूक आहे.

ही मधली वर्षे कागद जमवायला वापरा. नवव्या-दहाव्या वर्षी शिक्षण सुरू झाल्याचे गुरूंचे प्रमाणपत्र, दरवर्षीची परीक्षेची गुणपत्रिका, कार्यक्रमांच्या पत्रिका, शाळेकडून कला उत्सवात भाग घेतला असेल तर त्याचे प्रमाणपत्र. कला उत्सव हा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा, २०१५ पासूनचा उपक्रम आहे आणि त्यात शाळेमार्फतच जाता येते. १८ व्या वर्षी अर्ज भरताना यातला प्रत्येक कागद उपयोगी पडतो.

१८ ते २५ वयोगटाच्या शिष्यवृत्तीत किती मिळते आणि अट काय?

महिना ५,००० रुपये, दोन वर्षे. पैसे दर महिन्याला येत नाहीत. सहा-सहा महिन्यांचे चार हप्ते, म्हणजे ३०,००० रुपयांचा एक हप्ता आणि एकूण १,२०,००० रुपये. देशभरात ४०० शिष्यवृत्त्या आहेत. उमेदवाराने गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिक्षण घेतलेले असले पाहिजे, आणि पुढचे शिक्षण कोणाकडे घेणार ते सांगावे लागते.

‘पाच वर्षे’ या शब्दांवर बरेच अर्ज पडतात. गुरूंनी ‘ही माझी शिष्या असून मेहनती आहे’ असे लिहिलेले पत्र पुरावा ठरत नाही. पत्रात शिक्षण सुरू झाल्याचा महिना आणि वर्ष, आठवड्यातले तास, आतापर्यंत काय शिकवले आणि पुढच्या दोन वर्षांत काय शिकवणार, एवढे हवे. मध्ये गुरू बदलले असतील तर दोन पत्रे जोडा आणि तारखांत फट राहू देऊ नका. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या असतील तर प्रारंभिकपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका क्रमाने लावा. त्या तारखा आपोआप सिद्ध करतात.

पुढचा हप्ता सहामाही अहवालावर अवलंबून असतो. अहवाल दोन महिने उशिरा गेला की हप्ता त्याहून जास्त लांबतो. सहावा महिना संपण्याआधी पंधरा दिवस गुरूंची सही घेऊन ठेवा, नाहीतर गुरू दौऱ्यावर आणि अहवाल टेबलावर अशी गत होते.

फेलोशिप आणि शिष्यवृत्ती यांत फरक काय?

शिष्यवृत्ती शिकण्यासाठी असते, फेलोशिप एखाद्या विषयाचा शोध घेण्यासाठी. कनिष्ठ फेलोशिप २५ ते ४० वयासाठी असून महिना १०,००० रुपये मिळतात. वरिष्ठ फेलोशिप ४० च्या पुढे, महिना २०,००० रुपये. दोन्ही दोन वर्षांच्या, चार सहामाही हप्त्यांत. म्हणजे एकूण २,४०,००० आणि ४,८०,००० रुपये. सगळी क्षेत्रे मिळून वर्षाला ४०० पर्यंत फेलोशिप्स असतात, निम्म्या कनिष्ठ आणि निम्म्या वरिष्ठ.

प्रशिक्षण देणे, कार्यशाळा किंवा चर्चासत्र घेणे, आत्मचरित्र लिहिणे यासाठी ही नाही, असे नियमांत स्पष्ट आहे. तरीही ‘ग्रामीण मुलींना भरतनाट्यम शिकवणे’ अशा विषयाचे अर्ज जातच असतात. काम चांगले आहे, दार चुकीचे आहे.

विषय अरुंद घ्या. ‘लावणीचा इतिहास’ हा दोन वर्षांत होणारा विषय नाही. ‘बैठकीच्या लावणीतील अदाकारी: तीन ज्येष्ठ कलावंतांच्या सादरीकरणाचे ध्वनिचित्रमुद्रण आणि विश्लेषण’ हा होतो. प्रस्तावात सहा-सहा महिन्यांचे चार टप्पे पाडा: पहिल्यात कोणती साधने जमवणार, दुसऱ्यात कोणाच्या मुलाखती आणि किती तास, तिसऱ्यात विश्लेषण किंवा रचना, चौथ्यात लेखन आणि सादरीकरण. हप्तेही चारच असल्यामुळे प्रत्येक अहवालात दाखवायला काहीतरी ठोस राहते. आधीच कोणीतरी केलेल्या कामाचा उल्लेख टाळू नका. तज्ज्ञांना ते माहीत असते आणि तुम्हाला माहीत नाही असे दिसले तर प्रस्ताव मागे पडतो.

मी घरी क्लास घेते. गुरू म्हणून मला काही मिळू शकते का?

दोन योजनांची नावे सारखी असल्याने घोटाळा होतो.

पहिली मंत्रालयाची गुरू-शिष्य परंपरा योजना, जिला जुने लोक अजून ‘रेपर्टरी ग्रँट’ म्हणतात. यात एक गुरू आणि जास्तीत जास्त १८ शिष्य धरले जातात. गुरूला महिना १५,००० रुपये आणि शिष्यांना वयाप्रमाणे महिना २,००० ते १०,००० रुपये मिळतात. ही नियमित सराव करून प्रयोग करणाऱ्या संचांसाठी आहे. नुसत्या फी घेऊन चालणाऱ्या क्लाससाठी ती नाही. शिष्यांची यादी, त्यांची आधार-जोडलेली खाती, सरावाच्या वेळा आणि प्रयोगांचे पुरावे लागतात. पाहणीला माणूस आला आणि यादीतले शिष्य जागेवर नसले तर पुढच्या वर्षीचे नूतनीकरण धोक्यात येते. म्हणून यादीत १८ नावे भरण्यापेक्षा खरोखर येणारे नऊ लिहावेत.

दुसरी क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांची गुरू-शिष्य परंपरा योजना. तिचा भर विरळ होत चाललेल्या लोककला आणि आदिवासी कलांवर आहे. गुरूला महिना ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० रुपये. रक्कम लहान आहे, पण साथीदाराचे मानधन वेगळे धरले आहे ही मोठीच गोष्ट. ढोलकीवाला, तारपा वाजवणारा किंवा संबळवाला नसेल तर नाच शिकवायचा कशावर? नागपूर केंद्राकडे अर्ज करताना कला किती गावांत उरली आहे, जाणकार किती आणि त्यांची वये काय, हे नेमके लिहा.

संस्था नोंदवणे गरजेचे आहे का?

शिष्यवृत्ती आणि फेलोशिपसाठी नाही. निर्मिती किंवा महोत्सवाच्या अनुदानासाठी होय. केंद्राच्या अशा योजनांत संस्था साधारणपणे किमान तीन वर्षे नोंदणीकृत आणि कार्यरत असावी लागते, त्यामुळे आज नोंदणी करून उद्या अर्ज करता येत नाही.

महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशी दुहेरी नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते. पुढे पॅन, संस्थेच्या नावाचे बँक खाते, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब हवेत.

सर्वांत जास्त त्रास ‘चेंज रिपोर्ट’चा. विश्वस्त मंडळ बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. अनेक संस्था तो करतच नाहीत. मग अर्जावर सही नव्या अध्यक्षांची आणि परिशिष्ट एकच्या (धर्मादाय कार्यालयातील विश्वस्तांच्या नोंदीच्या) उताऱ्यावर नाव जुन्यांचे, कधी कधी दिवंगत विश्वस्ताचे. अनुदानाचा विचार करण्याआधी वर्षभर हे काम हातात घ्या. घटनेतल्या उद्देशांत ‘नृत्य’, ‘प्रयोगात्मक कला’ किंवा निदान ‘संस्कृती’ असे शब्द आहेत का, तेही पाहा. ‘शैक्षणिक व सामाजिक कार्य’ एवढेच असेल तर शंका काढतात.

नृत्यनिर्मितीसाठी अनुदान मिळाले तर पूर्ण खर्च भागतो का?

नाही, आणि हे आधी समजून न घेतल्यामुळे चांगले संच कर्जात गेलेले दिसतात. सांस्कृतिक कार्यक्रम आणि निर्मिती अनुदान सर्वसाधारणपणे ५ लाख रुपयांपर्यंत असते. प्रकल्पाच्या खर्चाचा २५ टक्के भाग संस्थेने उभा करायचा असतो आणि अनुदान ७५ व २५ टक्के अशा दोन हप्त्यांत येते.

हिशेब मांडून पाहा. नृत्यनाटिकेचा खर्च ४,००,००० रुपये. अनुदान जास्तीत जास्त ३,००,०००. त्याचा पहिला हप्ता २,२५,०००. म्हणजे प्रयोग होईपर्यंत १,७५,००० रुपये तुमच्या खिशातून गेलेले असतात. हिशेब पास झाल्यावर उरलेले ७५,००० येतात, तेही किती महिन्यांनी हे सांगता येत नाही. प्रत्यक्ष खर्च ३,६०,००० च झाला, तर ७५ टक्क्यांच्या मर्यादेने अनुदान २,७०,००० वर येते आणि दुसरा हप्ता ४५,००० चा होतो.

म्हणून तिकीटविक्री, स्थानिक देणगीदार, गणेशोत्सव मंडळाची सुपारी, काहीही असो, ते १,७५,००० कुठून येणार हे ठरल्याशिवाय वेशभूषाकाराला आगाऊ रक्कम देऊ नका.

अंदाजपत्रक कसे लिहावे?

गोल आकडे टाळा. ‘संगीत: ५०,०००’ असे लिहिण्याऐवजी तबला, पखवाज, सारंगी किंवा हार्मोनियम, गायक असे एकेक साथीदार, प्रत्येकाच्या तालमी किती, दर तालमीचे मानधन काय आणि प्रयोगाचे वेगळे किती, असे फोडून लिहा. भरतनाट्यमच्या संचात नट्टुवांगम (झांजेवर ताल धरून बोल म्हणणे), गायन, मृदंगम आणि बासरी किंवा व्हायोलिन, अशी निदान चार माणसे असतात. प्रकाशयोजना, ध्वनी, नाट्यगृहाचे भाडे, रंगीत तालमीच्या सत्राचे वेगळे भाडे, प्रवास, वेशभूषा, चित्रीकरण ही शीर्षे सहसा लागतात.

नर्तकांचे तालमीचे मानधन लिहायला लाजू नका. शिष्य आहेत, फुकट नाचतील, असे गृहीत धरणाऱ्या अंदाजपत्रकांमुळेच नृत्याचा खरा खर्च सरकारदरबारी कधी दिसलेला नाही. तीन महिन्यांची तालीम, आठवड्याला चार दिवस म्हणजे जवळपास ५० तालमी होतात. त्याला काहीतरी किंमत हवी.

उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे काय आणि ते का परत येते?

मिळालेला पैसा ज्या कामासाठी मंजूर झाला त्याच कामावर खर्च केला, असे लिहून द्यायचा ठरावीक नमुना. केंद्राच्या अनुदानासाठी तो जीएफआर (सामान्य वित्तीय नियम) १२-ए. सोबत सनदी लेखापालाने तपासलेला जमाखर्च जोडतात.

परत येण्याची कारणे ठरलेली आहेत. मंजुरीपत्राचा क्रमांक आणि तारीख चुकणे. सीएच्या सहीखाली यूडीआयएन (त्या दस्तऐवजाचा ओळख क्रमांक) नसणे. वेशभूषेचे पैसे प्रवासाच्या शीर्षात टाकणे. अनुदान संस्थेच्या नेहमीच्या खात्यात येऊन फीच्या पैशांत मिसळणे, ज्यामुळे व्याजाचा हिशेब लागत नाही. अनुदानावर मिळालेले व्याज सरकारला परत करायचे असते, म्हणून वेगळे खाते उघडावे. रोखीने दिलेले मानधन हा आणखी एक अडथळा. साथीदारांना पैसे खात्यावरच द्या आणि प्रत्येकाची सही असलेली पावती त्याच रात्री घ्या, कारण प्रयोगानंतर माणसे पांगतात.

जुने प्रमाणपत्र थकलेले असेल तर नवे अनुदान मिळत नाही. आधीच्या कार्यकारिणीने ते दिले होते का, हे नव्या पदाधिकाऱ्यांनी सर्वांत आधी तपासावे.

तमाशा, संगीतबारी, दशावतार, खडीगंमत यांच्यासाठी वेगळे काय आहे?

राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडून लोककलांच्या संचांना अनुदान दिले जाते आणि लोककलांची प्रशिक्षण शिबिरेही भरवली जातात. तमाशात पूर्णवेळ आणि हंगामी फड असा भेद केला जातो, म्हणून वर्षात किती प्रयोग, कोणत्या गावांत, कोणत्या यात्रेत, याची नोंदवही ठेवणे फार महत्त्वाचे. सुपारीची चिठ्ठी, ग्रामपंचायतीचे किंवा यात्रा समितीचे पत्र, पोलिस परवानगी आणि स्थानिक वर्तमानपत्रातली जाहिरात यांचे फोटो मोबाइलमध्ये तारखेनिशी ठेवले तरी काम भागते.

फडातल्या मुलांसाठी वर सांगितलेल्या १२५ राखीव शिष्यवृत्त्या लागू होऊ शकतात. पण मूल शाळेत असावे लागते, आणि दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरणाऱ्या फडातल्या मुलांची हजेरी हीच अडचण असते. शाळेच्या मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा.

ज्येष्ठ कलावंतांना मानधन किती आणि कोणाला?

राज्याच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत २०२४ पासून सर्व पात्र लाभार्थ्यांना सरसकट महिना ५,००० रुपये केले आहेत. आधी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन श्रेणी होत्या. वयाची अट ५० वर्षे, दिव्यांगांसाठी ४०. कलाक्षेत्रातले किमान १५ वर्षांचे काम आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, या मुख्य अटी. केंद्राच्या योजनेत ६० वर्षे पूर्ण असलेल्या कलावंताला महिना ६,००० रुपयांपर्यंत मिळतात, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ७२,०००.

नृत्यांगनांची अडचण पुराव्यांची असते. नाव बदललेले असते. फडात एक नाव, आधारवर दुसरे. अशा वेळी ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र करून जुन्या पोस्टरचा किंवा जाहिरातीचा फोटो जोडा. ज्या फडात काम केले त्याच्या मालकाचे आणि सोबत नाचलेल्या, आधीच मानधन घेत असलेल्या कलावंताचे पत्र उपयोगी पडते. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला चुकवू नका. दोन्हीकडे अर्ज केला असेल तर एकीकडचे मानधन दुसरीकडे स्पष्ट लिहा.

समकालीन नृत्य, हिपहॉप, बॉलीवूड यांना सरकारी मदत मिळते का?

तरुणांच्या शिष्यवृत्तीत शास्त्रीय, लोक आणि पारंपरिक नृत्यांना जागा आहे. बॉलीवूड किंवा हिपहॉपला नाही. समकालीन नृत्याची ओळख संगीत नाटक अकादमीच्या पुरस्कारांत आहे, पण शिकण्यासाठी नियमित शिष्यवृत्ती नाही. निर्मिती अनुदान किंवा फेलोशिप हेच मार्ग उरतात आणि तिथे प्रस्ताव हालचालीच्या भाषेत नीट समजावून सांगावा लागतो. हे अन्यायाचे आहे. ज्या कलेला गुरू-घराण्याचा दाखला नाही तिच्यासाठी अर्जात रकानाच नसतो.

नृत्यात पदवी घेताना शिष्यवृत्ती मिळते का?

मिळते, आणि हा मार्ग सर्वांत कमी वापरला जातो. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र किंवा मुंबईचे नालंदा नृत्यकला महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी पदवी व पदव्युत्तर नृत्यशिक्षण मिळते. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग अशा प्रवर्गांतल्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर करता येतात. प्रवेशाआधी महाविद्यालयात विचारा की तुमचा अभ्यासक्रम त्या पोर्टलच्या यादीत दिसतो का.

पदव्युत्तर पदवीनंतर यूजीसी-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत प्रयोगात्मक कलांचा विषय आहे. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. नृत्य क्षेत्रातल्या कोणत्याही शिष्यवृत्तीपेक्षा हे कितीतरी जास्त आहे. मात्र त्यासाठी शास्त्र लागते. नाट्यशास्त्र, अभिनयदर्पण, ताल-लिपी आणि नृत्यपरंपरांचा इतिहास यांचा अभ्यास विशारदच्या वर्षांपासूनच सुरू करावा.

दहावीचे वाढीव गुण कसे मिळतात?

मान्यताप्राप्त संस्थेच्या शास्त्रीय नृत्याच्या तीन परीक्षा उत्तीर्ण असल्यास १० आणि पाच असल्यास १५ गुण. प्रस्ताव शाळेमार्फत जातो. तुमची परीक्षा घेणारी संस्था शासनाच्या यादीत आहे का, हे परीक्षेचा फॉर्म भरतानाच पाहा. दहावीच्या वर्षी कळून उपयोग नसतो.

क्लासवर किंवा कार्यक्रमाच्या मानधनावर जीएसटी लागतो का?

शास्त्रीय किंवा लोकनृत्य सादर करणाऱ्या कलावंताचे एका कार्यक्रमाचे मानधन १,५०,००० रुपयांपर्यंत असेल तर सूट आहे. जाहिरातीचा चेहरा म्हणून काम केले तर ही सूट नाही. कलेचे प्रशिक्षण व्यक्ती म्हणून दिले तर सूट आहे, पण जुलै २०२२ पासून हीच सूट कंपनी किंवा भागीदारी संस्थेला मिळत नाही. क्लासला कंपनीचे रूप देण्याआधी सीएशी बोला.

गोव्यात काय वेगळे आहे?

तिथे कला व संस्कृती संचालनालयाची ‘कला सन्मान’ ही कलावंतांसाठीची योजना आहे आणि पणजीची कला अकादमी संगीत-नृत्याचे शिक्षण देते. केंद्राच्या सगळ्या योजना गोवेकरांना तशाच लागू आहेत. क्षेत्रीय केंद्र मात्र उदयपूरचे. फुगडी, धालो, देखणी, समई नृत्य, गौळण काला यांसाठीचे प्रस्ताव तिकडे जातात.

मुलगी अमेरिकेत वाढली, तिथली नागरिक आहे. भारतात येऊन नृत्य शिकायला मदत मिळेल का?

सीसीआरटीच्या शिष्यवृत्त्या भारतीयांसाठी आहेत. परदेशी नागरिकांना भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेचे, म्हणजे आयसीसीआरचे, दार आहे. लता मंगेशकर नृत्य व संगीत शिष्यवृत्ती ही तिथलीच. अर्ज करण्याआधी तिथल्या भारतीय दूतावासात चौकशी करा.

अर्ज करून वर्ष झाले, काहीच उत्तर नाही. काय करावे?

आधी अर्ज क्रमांक घालून ईमेल करा. महिनाभर वाट पाहूनही उत्तर नाही आले तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. केंद्राच्या कार्यालयांसाठी तो ऑनलाइन होतो, शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझा अर्ज का नाकारला?’ असे न विचारता चार नेमके प्रश्न विचारा: अर्ज कोणत्या तारखेला नोंदला गेला, त्यात त्रुटी काढली होती का आणि ती कोणत्या तारखेला कळवली, तज्ज्ञ समितीची बैठक कधी झाली, आणि निवड यादी कोणत्या तारखेला मंजूर झाली. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात उलगडा होतो. त्रुटीचे पत्र स्पॅममध्ये किंवा बदललेल्या मोबाइल क्रमांकावर गेलेले असते. म्हणून अर्जात क्लासच्या मदतनीसाचा नव्हे, स्वतःचा आणि पुढची तीन वर्षे चालू राहणारा क्रमांक लिहा.